खुळखुळ्याचे शास्त्र

(पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींच्या प्रशिक्षणवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाळणाघर हा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवरून साधारणतः दोन प्रकारची भाषणे होतात. पहिल्या प्रकारात एकत्र कुटुंबाच्या विघटनाबद्दल शोक व्यक्त होतो, आजीच्या गोष्टींची आठवण निघते आणि सगळ्याचे खापर पाश्चात्त्य जीवनपद्धतीवर फुटते. दुसऱ्या प्रकारात पाळणाघर ही स्त्रीच्या प्रगतीची पायरी ठरते. दोन्ही भाषणे मी पत्रकार म्हणून अनेकदा ऐकली, त्यांची वृत्ते दिली. या दोन्ही भाषणांत ज्याच्यासाठी पाळणाघर असते ते मूल मात्र कुठे आढळत नाही. सकाळी साडेआठला आईच्या कडेवरून उतरलेले ते मूल संध्याकाळी सातपर्यंत काय करते? त्याच्या हातात काय असते? त्याच्याशी कोण, किती आणि कोणत्या भाषेत बोलते? आज मी एवढ्याच प्रश्नांपुरते बोलणार आहे. आईने नोकरी करावी की नाही, हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी तो खुशाल घालावा. वाद मिटेपर्यंत मूल वाढायचे थांबत नाही.

थोडा हिशेब करू. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. म्हणजे संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आईचे मूल सहा महिन्यांचे होताच आपल्या दाराशी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२ ते १६ तास झोप हवी. जागेपणाचे उरतात आठ ते बारा तास, आणि कामाच्या दिवशी त्यांतला मोठा वाटा पाळणाघरात जातो. मुलाचे पहिले रांगणे, पहिले पाऊल, पहिला शब्द, हे सारे बहुधा आई-वडिलांच्या आधी तुम्ही पाहता. कित्येक ताई हे पालकांना सांगत नाहीत. घरी पहिल्यांदा घडल्याचा आनंद त्यांना मिळू देतात. ही समज कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवता येत नाही.

आता खेळण्यांकडे वळतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या खोलीचे आणि खेळण्यांचे वर्णन आहे. खोली कशी असावी? अंधारी नसावी, वाऱ्याचा थेट झोत नसावा पण एका बाजूने हवा खेळती असावी, उंदीर आणि कीटक यांचा उपद्रव नसावा. खेळणी कशी असावीत? नाना प्रकारची, आवाज करणारी, मनाला आनंद देणारी. वजनाला जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, जिवाला अपाय करतील अशी नसावीत आणि भीती वाटेल अशी तर मुळीच नसावीत. आता आधुनिक कसोटी पाहा. लहान मुलांच्या खेळण्यांची सुरक्षितता तपासण्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देत नाहीत, कारण ती घशात अडकू शकते. चरकाने शब्दांत सांगितलेली अट इथे मापात आली आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. पाळणाघरासाठी खरेदी करताना ते चिन्ह पाहिल्यावाचून पैसे देऊ नका.

मात्र 'हे सगळे आमच्याकडे होतेच' असे म्हणून लगेच टाळ्या वाजवण्याचा मोह आवरावा, ही विनंती. कारण त्याच अध्यायातील पुढचा उपदेश आपल्या वर्मी लागणारा आहे. बालकाला भीती दाखवू नये; ते रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला घाबरवू नये, असे चरक स्पष्ट सांगतो. आणि आपण? 'बागुलबुवा येईल', 'पोलीसकाका घेऊन जातील', 'आई न्यायलाच येणार नाही हं!' यांतले शेवटचे वाक्य मी एका पाळणाघरात स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ज्या मुलाला आई परत येईल की नाही हीच एक चिंता दिवसभर असते, त्याला त्याच चिंतेचा धाक घालणे यासारखे क्रौर्य नाही. सुश्रुतानेही असेच नियम घालून दिले आहेत: बालकाला दरडावू नये, झोपेतून एकदम उठवू नये, झटकन उचलू नये, वेळेआधी बसवू नये. ग्रंथाला हार घालण्यापेक्षा हे चार नियम पाळणे जड जाते.

आता वयानुसार काय करावे ते पाहू.

बाळ बसू लागण्यापूर्वीचा काळ. या वयातले सर्वांत उत्तम खेळणे म्हणजे माणसाचा चेहरा. बाळ हुंकार देते, तुम्ही हुंकार परत करता, ते थांबून पाहते आणि पुन्हा देते. हा संवाद आहे, भाषेची पहिली इयत्ता आहे. तुम्ही मध्येच मोबाईलकडे पाहिलेत तर बाळ दोन-तीनदा प्रयत्न करते आणि मग तोंड फिरवते. रोज तोंड फिरवावे लागणारे बाळ हळूहळू हुंकार देणेच कमी करते. अशा बाळाला 'किती शहाणं आहे, काही त्रास नाही' असे प्रशस्तिपत्र मिळते. भगिनींनो, पाळणाघरातल्या अतिशांत बाळाची चिंता करा, रडणाऱ्याची त्याहून कमी करा.

दुसरी गोष्ट जमिनीची. स्वच्छ सतरंजीवर घातलेली गोधडी ही या वयाची क्रीडाभूमी. बाळ जागे असताना, आपल्या डोळ्यांसमोर, दिवसातून थोडे थोडे करून एकूण किमान अर्धा तास त्याला पालथे खेळू द्यावे. त्याने मान, खांदे आणि पाठ घट्ट होते. झोपवताना मात्र नेहमी उताणेच झोपवावे. झोळी, पाळणा, पट्ट्यांची खुर्ची यांत जखडलेले बाळ एका वेळी तासाहून अधिक काळ तसे राहता कामा नये. नावात पाळणा असला तरी पाळणाघरात पाळण्याचा उपयोग झोपेपुरताच करावा.

इथे एक उदाहरण परदेशातले देतो. हंगेरीत बुडापेस्ट येथे एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अनाथ आणि आईवडिलांपासून दुरावलेल्या बाळांसाठीच्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. संस्थेत वाढणारी मुले कोमेजतात, हा तोपर्यंत सर्वत्र आलेला अनुभव होता. पिकलरबाईंनी दोन गोष्टी केल्या. एक, मुलाला जे स्वतःहून जमत नाही त्या स्थितीत त्याला बसवायचे नाही किंवा उभे करायचे नाही. त्याचे ते येईपर्यंत मोकळी जमीन द्यायची. दुसरी याहून महत्त्वाची: दुपटे बदलणे, न्हाऊ घालणे, भरवणे ही कामे उरकायची नाहीत. 'आता मी तुला उचलते आहे', 'आता हात पुढे कर' असे सांगत, बाळाच्या प्रतिसादाची वाट पाहत करायची. एका बाळाची काळजी शक्यतो ठरलेल्या बाईंनीच घ्यायची. तिथली मुले तुलनेने निरोगी आणि मोकळी वाढली, म्हणून आजही जगभरातले बालसंगोपक त्या संस्थेचे नाव घेतात.

यातून आपल्याला सोपा धडा घेता येतो. दहा बाळांची दुपटी बदलताना खेळ घ्यायला वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही विचारता. दुपटे बदलणे हाच खेळ करा. पायाची बोटे मोजा, पोटावर फुंकर घाला, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बोटांशी बोला, तळहातावर मोर बसवा. आपल्या आज्यांनी तेल लावताना हेच केले. त्यांनी त्याला उपक्रम हे नाव दिले नव्हते इतकेच.

बसू लागलेले बाळ आणि रांगणारे बाळ. हा काळ, माझ्या मते, सर्वांत रसाळ आहे आणि पाळणाघरांत सर्वांत दुर्लक्षितही. हाती येईल ते तोंडात घालणे हे या वयाचे संशोधन आहे. जीभ हेच त्याचे भिंग. इंग्लंडमधील बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांनी बसत्या बाळांसाठी एक टोपली सुचवली. बुटकी, न कलंडणारी, प्लास्टिकची एकही वस्तू नसलेली टोपली, आणि तिच्यात रोजच्या वापरातल्या नाना वस्तू. ही कल्पना वाचली तेव्हा मला आपले स्वयंपाकघरच आठवले. स्टीलची वाटी, लाकडी पळी, लहान लाटणे, पितळी फुलपात्र, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, काथ्याचा ब्रश, सुती कापडाची पोटली, जाड लोकरीचा गोंडा, मोठा शंख. थंड आणि उबदार, जड आणि हलके, खडबडीत आणि गुळगुळीत, वाजणारे आणि न वाजणारे. हजार रुपयांचे दिवे लागणारे खेळणे एकच गोष्ट शिकवते: बटण दाबले की गाणे लागते. वाटी मात्र वाजते, गडगडते, पालथी होते, तिच्यात चेहरा दिसतो, तिच्यात पळी मावते. रोज तपासून, धुऊन, तडा गेलेली वस्तू काढून टाकून ही टोपली मुलांपुढे ठेवावी आणि ताईने शेजारी बसून फक्त पाहावे. 'असं नाही, असं कर' म्हणू नये. गप्प बसणे आपल्याला कठीण जाते, हे मी जाणतो.

याच सुमारास, साधारण आठव्या-नवव्या महिन्यात, मुलाच्या बुद्धीत एक मोठी घटना घडते. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे त्याला कळू लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी याचा सविस्तर अभ्यास केला. रुमालाखाली चेंडू लपवला तर सहा महिन्यांचे बाळ सहसा तो विसरते. नऊ महिन्यांचे रुमाल ओढते. पदराआडून 'भोऽऽक' करण्याचा आपला खेळ म्हणजे हीच परीक्षा, आणि हीच शिकवणीही. पण या ज्ञानाची किंमत मुलाला मोजावी लागते. आई दिसत नाही, पण ती कुठेतरी आहे, हे कळल्यामुळेच ते आता अधिक रडते. सहाव्या महिन्यात हसत राहणारे बाळ नवव्या महिन्यात दारातच आईचा पदर धरून आकांत करते आणि पालकांना वाटते, पाळणाघरात काहीतरी वाईट घडले असावे. क्वचित तसेही असते, म्हणून पालकांनी चौकशी जरूर करावी. परंतु बहुधा ही त्याच्या वाढीची खूण असते.

अशा वेळी मूल खेळात गुंतले की आईने मागच्या दाराने निसटायचे, ही आपल्याकडची सर्वमान्य युक्ती. कृपा करून ती बंद करा. निसटलेल्या आईच्या मुलाला एकच धडा मिळतो: खेळात रमलो की आई जाते. मग ते खेळात रमायलाच घाबरते. आईने मुलाकडे पाहून 'मी जाते, संध्याकाळी येते' असे सांगावे, मूल रडेल, ताईने कडेवर घ्यावे, खिडकीतून हात हलवावा. चार-आठ दिवस रडे वाढलेले वाटेल. नंतर रोजचा निरोप हाही भोऽऽकचाच एक लांबलेला खेळ होतो.

चालण्याच्या चाकांच्या खुर्चीबद्दल, म्हणजे बाजारात 'वॉकर' म्हणून मिळते तिच्याबद्दल, दोनच वाक्ये. तिच्यामुळे चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा; उभे राहता येणारे मूल तो स्वतः ढकलते आणि ताई जवळ असते.

एक ते दोन वर्षे. भरणे आणि ओतणे, चढणे आणि उतरणे, ओढणे आणि ढकलणे. एवढ्या सहा क्रियापदांत या वर्षाचा अभ्यासक्रम संपतो. झाकणाचे रिकामे डबे, पुठ्ठ्याचे खोके, गच्चीवर ताईच्या देखरेखीखाली घमेल्यात चार बोटे पाणी, ओली माती, जाड उश्यांचा डोंगर. पाण्याजवळून ताईने क्षणभरही हलू नये आणि खेळ संपताच घमेले रिते करावे. या वयाला दिवसभरात निदान तीन तास हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा बाय बाराच्या खोलीत वीस मुले कोंबली तर हे कसे साधणार, हा प्रश्न ताईने एकटीने सोडवायचा नसून पालकांनी आणि संचालकांनी सोडवायचा आहे.

या वयात मुले एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांशेजारी खेळतात. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत या शेजारी-शेजारी खेळण्याचे वर्णन आहे. म्हणून दीड वर्षाच्या मुलाला 'वाटून खेळ, शहाणा ना तू' हा उपदेश फुकट जातो. एकाच रंगाचे तीन चेंडू आणून ठेवले तर भांडणे निम्मी होतात. आणि चावणारे मूल दुष्ट नसते. शब्द नाहीत म्हणून दातांनी बोलते. 'तुला चेंडू हवा होता, होय ना?' असे म्हणून त्याला शब्द पुरवा. चावलेल्या मुलाच्या आईला मात्र खरे काय ते त्याच दिवशी सांगा.

शब्दांवरून भाषेचा मुद्दा येतो. 'बेबी, कम, सीट, ईट' ही जी भाषा काही पाळणाघरांतून ऐकू येते, ती ना इंग्रजी ना मराठी. मुलाला भाषा मिळते ती भरघोस बोलण्यातून. जिला स्वतःला ती भाषा धड येत नाही, ती ताई भरघोस बोलूच शकत नाही. सहज येणाऱ्या मराठीत बोला. वरण, वरवंटा, वळचण, सारे शब्द त्यांच्या कानांवर पडू द्या. आणि पुण्या-ठाण्याच्या पाळणाघरांत आज तमिळ, मैथिली, बंगाली घरांतली मुलेही असतात. त्यांच्या आईकडून 'पाणी', 'दुखतंय', 'आई' एवढे तीन शब्द तरी त्यांच्या भाषेत शिकून घ्या. घाबरलेल्या मुलाला स्वतःच्या घरचा शब्द ऐकू आला की ते कसे सावरते, हे पाहण्यासारखे असते. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण पुष्कळ बोलतो; तिचे असेही एक काम आहे.

दोन ते तीन वर्षे. आता भातुकली सुरू होते. काठीचा घोडा आणि वाटीची टोपी होते. या वयाला खऱ्या कामाची हौस असते. मेथीची पाने खुडणे, लहान रुमालाच्या घड्या घालणे, तुळशीला लहान तांब्याने पाणी घालणे, आपली ताटली उचलून ठेवणे. शेंगदाणे, फुटाणे मात्र अजून लांबच ठेवावेत.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांना एक गोष्ट नम्रपणे सांगतो. आपण पाळणाघर काढले की त्याला 'संस्कार' हा शब्द जोडतो आणि पाहुणे आले की अडीच वर्षांच्या मुलांना रांगेत उभे करून श्लोक म्हणायला लावतो. सायंकाळी दिवा लागावा, घंटा वाजावी, ताईने गोड आवाजात श्लोक म्हणावा आणि मुलांनी तो खेळता खेळता कानांवर घ्यावा, हे फार सुंदर. त्या लयीने भाषाही समृद्ध होते. पण प्रदर्शनासाठी घोकून घेणे आणि इंग्रजी मुळाक्षरे घोकून घेणे, या दोहोंत मुलाच्या दृष्टीने काही भेद नाही. तीन वर्षांच्या आतला संस्कार म्हणजे त्याचे ढुंगण कोणत्या हाताने, किती मायेने धुतले गेले, हा आहे. तसेच पाटी-पेन्सिलीचे. ज्या बोटांना अजून कणीक नीट मळता येत नाही, त्यांच्याकडून अक्षर गिरवून घेणारे पालक आणि संचालक दोघेही घाईत आहेत. गर्भसंस्कारासाठी नऊ महिने मंत्र ऐकणारे घर, मूल जन्मल्यावर त्याला दूरचित्रवाणीपुढे बसवून वरणभात भरवते, तेव्हा मला गंमत वाटत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आता सर्वांना ठाऊक आहे. ते अमलात आणायचे तर पाळणाघरातली चार वाजताची कार्टून मालिका बंद करावी लागेल.

महाराष्ट्राला या कामाची थोर परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक यांनी तिथून प्रेरणा घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण धाकटी भावंडे सांभाळायला घरी कोणी नसे. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. साधने कोणती? बिया, पाने, शिंपले, काड्या, खडे. मूल येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी हा शब्द रुजला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला औपचारिक चौकट दिली. आपल्याकडे शिशुवाटिकांचा विचारही त्याच वयापासून सुरू होतो. शून्य ते तीन हा टप्पा मात्र उपेक्षितच राहिला होता. केंद्र शासनाने २०२४ मध्ये 'नवचेतना' या नावाने त्याचा स्वतंत्र आराखडा काढला आहे. त्यात महिन्यांच्या क्रमाने घरगुती खेळ दिले आहेत. प्रत्येक पाळणाघरात तो वाचला जावा.

शेवटी पैशांचे बोलतो, कारण ते कोणी बोलत नाही. एका ताईने तीन-चार तान्ह्या बाळांहून अधिक सांभाळू नयेत, असे माझे मत आहे. तसे केले तर खर्च वाढतो. जे कुटुंब गाडीच्या हप्त्यासाठी महिना दहा-पंधरा हजार देते, तेच कुटुंब पाळणाघराच्या शुल्कात पाचशे रुपये वाढले की बैठक बोलावते. आणि ज्या ताईच्या हाती आपण मूल सोपवतो तिला घरकामवालीइतकाही पगार अनेक ठिकाणी मिळत नाही, ती सहा महिन्यांत सोडून जाते आणि मुलाची माया जडलेली माणसे वर्षातून दोनदा बदलतात. यावर पालकसभेत बोला. तिथे ऐकून घेतले नाही, तर पुन्हा बोला.

बाहेरच्या टेबलावर मी एक टोपली ठेवली आहे. तिच्यात करवंटी, पळी, फुलपात्र वगैरे एकवीस वस्तू आहेत. शेजारी पुठ्ठ्याचे एक नळकांडेही आहे, त्या मापाचे. चहा घेताना आपापल्या पिशवीतली, पर्समधली वस्तू त्यात घालून पाहा. किती मावतात ते मोजा. मग प्रश्नोत्तरांना बसू.